प्लॅस्टरचा चेहरा

मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं आणि मी इंदूरच्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकत होते. आमचं संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली. भिल्लांचे तिरकमठे, चांदीचे वाळे, आणि काचेच्या कपाटात माणसांच्या चेहऱ्यांवरून काढलेले प्लॅस्टरचे मुखवटे. झाबुआच्या पाड्यांवर जाऊन असे आणखी चेहरे घ्यायचे होते. मला त्या सहलीला जायचंच होतं. घरच्यांना सोडून मी महूच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

सरांचा एक नियम होता. दुसऱ्याचा चेहरा मागायचा, तर आधी आपला द्यायचा. मी दिला. भुवयांना व्हॅसलीन, नाकात कागदाच्या नळ्या, वर ओलं प्लॅस्टर. घट्ट होता होता ते तापतं. बोलायची सोय नाही, हलायची नाही. जीव कासावीस झाला, पण झाबुआसाठी मी हूं की चूं केलं नाही.

कॉलेजच्या प्रदर्शनाला आई आली आणि कपाटातल्या माझ्या मुखवट्यापुढे थबकली. मिटलेले डोळे, पांढराफटक चेहरा, कपाळाला कुंकू नाही.

"अगबाई, जिवंत पोरीचं हे काय करून ठेवलंय!" ती तिथेच रडायला लागली.

सरही मराठीच. ते घाबरून लाल शाई घेऊन आले आणि मुखवट्याला ठसठशीत कुंकू लावलं. आता तर मुखवट्यातली मी सवाष्ण गेल्यासारखीच दिसायला लागले.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बहुत हो गया कॉलेज. आता घरी बसायचं."

मी भांडले, अबोला धरला, जेवले नाही. ढिम्म कोणी हललं नाही. सकाळी स्वयंपाक, दुपारी विणकाम, संध्याकाळी मला बघायला येणारी मंडळी. दार उघडंच असायचं, पण जाणार कुठे? मला साऱ्या घराचा राग यायचा, आईचा सगळ्यात जास्त.

सहल माझ्याविना गेली. परतल्यावर मैत्रीण भेटायला आली. सरांनी माझा मुखवटा बरोबर नेला होता, म्हणाली. लोकांनी बिचकू नये, आमच्या मुलीनंही चेहरा दिलाय हे दाखवायला. पाड्यावरच्या बायकांनी त्याच्या गालांवरून हात फिरवला होता.

"पूछ रही थीं, ही का नाही आली?"

"मग तू काय सांगितलंस?"

"क्या बोलती? सांगितलं, बीमार आहे."

मी ठणठणीत होते. गहू निवडत होते.