बडीचा रिपोर्ट

साताऱ्यात माजी सैनिकांच्या एका दवाखान्यात मी फुंकायचं मशीन चालवतो. नोकरीत धूर, धूळ खाल्लेल्यांना दर सहा महिन्यांनी बोलवायचं, नळीत फुंकायला लावायचं आणि फुप्फुसाचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून बघायचा, एवढंच काम. पण फौजी माणूस नुसता फुंकून जात नाही. फायली कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत.

* * *

फॉर्मवर पहिला प्रश्न: नोकरीत धुराचा त्रास झाला का? लोणंदच्या हवालदार मान्यांनी लिहिलं, ‘नाही.’

म्हटलं, “तुम्ही तर बर्फातल्या चौकीवर होता. शेगडी नव्हती?”

“हुती की, रॉकेलची. बंकरात रातंदिस पेटलेली. सकाळी थुंकी काळी पडायची.”

“मग ‘नाही’ का?”

“आवं, ती ड्यूटी हुती. त्रास कसला?”

* * *

फौजेत दुखणं सांगणारा कामचुकार ठरतो. ही धास्ती पेन्शनीतही सुटत नाही. खंडाळ्याचे सुभेदार पवार यात अव्वल. त्यांचा आकडा दर खेपेला खाली येत होता आणि तक्रारीचा रकाना कोराच. तक्रारीवर पेशंटची सही झाल्याशिवाय मोठ्या इस्पितळात पाठवता येत नाही.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, “दम लागतो?”

“नो मॅडम. ऑल ओके.” एवढं बोलायलाही त्यांनी मध्ये श्वास घेतला.

बरोबर आलेल्या काकू म्हणाल्या, “गोठ्यापातुर जाताना तीनदा थांबत्यात.”

“तिचं धरू नका. सिव्हिलियन हाय.”

मला रागच आला. माणूस डोळ्यांदेखत खचतोय आणि रकाना कोरा.

* * *

तोडगा मान्यांनी दिला, नकळत. चौकीवर प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला असतो, त्याला बडी म्हणतात. बर्फानं स्वतःचं नाक काळं पडलेलं स्वतःला दिसत नाही, म्हणून बडीनं बडीचं तोंड बघायचं आणि वर कळवायचं. मान्यांचा बडी एकदा त्यांच्यासोबत आला होता. मी सहज विचारलं, “जोडीदार कसा आहे?”

माने ताडकन उभे राहिले. “लय वाईट, सायेब. रातभर खोकतोय आन् झाकून ठेवतोय.”

मग जोडीदारानं उभं राहून मान्यांचं सगळं सांगितलं. दोन्ही फायली पाच मिनिटांत भरल्या. मॅडमनी त्या दिवशीच फॉर्मखाली पेननं एक ओळ वाढवली: बडीचा रिपोर्ट.

* * *

गेल्या महिन्यात सुभेदार आले. मॅडमनी विचारलं, “तुमचा बडी कुठं असतो?”

“गेला, मॅडम. दम लागायचा. कुनाला बोलला न्हाई.”

मॅडमनी विचारलं, “मग आता तुमच्याकडं कोण बघतं?”

सुभेदार दाराकडं बघून म्हणाले, “ती भाईर बसलीय.”

काकूंना आत घेतलं. रात्री दम लागू नये म्हणून उशा किती लागतात, आंघोळीनंतर किती वेळ बसून राहावं लागतं, काकूंनी काही बाकी ठेवलं नाही. सुभेदार सावधानमध्ये उभे राहून ऐकत होते.

“रिपोर्ट बरोबर आहे?”

“बरोबर हाय, मॅडम.” आणि त्यांनी सही केली.

काकू उठायला लागल्या. सुभेदारांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि माझ्याकडं वळले.

“नवी नळी लावा. आता हिचा रिपोर्ट देतो. चुलीपुढं रोज खोकती. कुनाला बोलत न्हाई.”