आंब्याच्या पेटीतून गेलेले रक्त

डॉ. वत्सलाबाईंच्या आणि माझ्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला गप्प बसवले होते. माझ्या धाकट्या भावाला, रघूला, घेऊन मी त्यांच्या मालवणच्या दवाखान्यात गेले होते. बाई प्रश्न त्याला विचारीत आणि उत्तर मी देई. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “पाठ तुमची दुखते की यांची?”

मग रघूच बोलला. “सकाळी उठतंय तेव्हा पाठ लाकूड झालेली आसता. कामाक लागलंय की सुटता.”

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. त्याआधी तीन ठिकाणी रघूला नुसती विश्रांती सांगितली होती आणि विश्रांतीने तो अधिकच आखडत होता. कामाने सुटणारी पाठ ही दमलेली पाठ नव्हे, कण्याच्या सांध्यांना आतून सूज आहे, हे आम्हाला सांगणाऱ्या बाईच पहिल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवले आणि रोज पोहायला सांगितले. दर्यावर पोट असलेल्या माणसाला पोहण्याचे औषध मिळाले म्हणून वाडी आठवडाभर हसत होती.

आमच्या काकांना मात्र हसू येत नव्हते. वडील आमच्या लहानपणीच गेले. होडी काकांची आणि शब्दही काकांचा. पहाटे होडी लोटायच्या वेळी रघूला सरळ उभे राहायलाच तास लागे. “चोवीस वर्साचो घोडो आणि म्हाताऱ्यासारखो वाकता! सगळी सोंगा!” असे म्हणून त्यांनी त्याला होडीवरून उतरवले होते. एक्स-रे दाखवला तर म्हणाले, “फोटोत काय, कोणाचीय हाडा दिसतत.” आमच्याकडे होडीवरून उतरवलेल्या पोराला वाडीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. रघू मागीलदारी बसून जाळी विणू लागला आणि बोलेनासा झाला. ते मला बघवत नसे.

मी बारावी शास्त्र झालेली आहे हे कळताच बाईंनी मला प्रयोगशाळेत मदतीला घेतले. मुंबईच्या एका स्नेह्यांबरोबर त्यांचे काम नुकतेच सुरू होत होते. रक्तातील पांढऱ्या पेशींवर आईवडिलांकडून आलेल्या खुणा असतात आणि आपले कोण, परके कोण हे शरीर त्यांवरून ओळखते. त्यांतील एक खूण ज्यांच्यात असते त्यांना रघूसारखा आजार होण्याचा संभव जास्त. पण ही खूण काही लोकांत पुष्कळ आढळते, काहींत क्वचितच. “पुस्तकातले आकडे परदेशातल्या माणसांचे,” बाई म्हणत. “आपल्या किनाऱ्याला कोणी विचारलंय का?” म्हणून त्यांना आजारी माणसे हवी होती, त्यांचे नातेवाईक हवे होते आणि धडधाकट शेजारीही. धडधाकट म्हटल्यावर काकांनी सर्वांआधी बाही वर केली.

पहिल्या खेपेचे रक्त संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जायचे होते. “नीट जपून पाठव,” एवढे सांगून बाई एका बाळंतिणीकडे गेल्या. आता, नासणारी वस्तू मुंबईला जपून कशी पाठवायची हे मासेमार गाबताच्या मुलीला कोणी शिकवावे लागते का? मी माशांची पेटी आणली, तळाला बर्फाचा चुरा, मध्ये नळ्या, वर पुन्हा बर्फ, आणि सुरमई रवाना केल्याच्या समाधानात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला. थंडीने पेशी मेल्या होत्या. तपासायला त्या जिवंतच पोचाव्या लागतात.

बाई रागावल्या नाहीत असे लिहिले तर ते खोटे ठरेल. चांगल्या कडाडल्या. मी रडू लागले तशा थांबल्या आणि म्हणाल्या, “बर्फ घालू नकोस, असं मी तुला सांगितलं होतं का?”

“नाही.”

“मग चूक माझी. डोळे पूस. हे आंब्यासारखं पाठवायचं, माशासारखं नाही.” त्या दिवसापासून आमच्या नळ्या हापूसच्या पेटीतून, पेंढ्यात बसून, मुंबईला जाऊ लागल्या.

पण रक्त पुन्हा कोण देणार? बाई स्वतः वाडीत आल्या आणि अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, “माझ्या हातून चूक झाली.” एक म्हातारी फणकारली, “एकदा रगत दिलंव मां? परत कित्याक?” मला ते ऐकवेना. मी पुढे होऊन म्हटले, “बायंची चूक नाय. बर्फ मिया घातलंय.” मग काका हसत सुटले. “बरफात नाय तर खंय घालतली? आमचाच पोर ता!” आणि पुन्हा त्यांनीच पहिली बाही वर केली.

नळ्यांवर फक्त क्रमांक असत. नावांची वही बाईंच्या कपाटात. कोणाची खूण काय, हे बाईंकडून मलाही कधी कळले नाही. रघूने आपली घरी सांगितली होती. काकांनी आपली विचारली ती स्वतः जाऊन. घरी आले तेव्हा नेहमीसारखे खाकरले नाहीत. जाळे विणणाऱ्या रघूजवळ खाली बसले.

“जी खूण तुझी, तीच माझी,” ते म्हणाले. “बाय म्हणतत, खूण आसली म्हणान रोग होताच असा नाय. तुका झालो, माका नाय झालो. मगे ह्यात तुझो दोष काय?” बराच वेळ ते जाळ्याची दोरी चाचपत राहिले. “फाल्या सकाळी होडयेर ये. पाठ सुटेपर्यात आमी थांबतलंव.”

रघू रडला. मीही रडले, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

त्या कामाचे मोल जाणकार सांगतील. मला एवढेच ठाऊक आहे की आजही होडी लोटण्याआधी आमच्या किनाऱ्यावर चार माणसे विडी ओढत एका पाठीची वाट पाहतात आणि कोणी कुरकुरत नाही. बाईंनी साठी गाठली म्हणून त्यांचा सत्कार होतो आहे. त्यांची स्वतःची पाठ अशीच ताठ राहो, चूक आपल्याकडे ओढून घेण्याची त्यांची खोड कधी न जावो आणि त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. “बायंक सांग, शंभर वर्सा जगा,” हा काकांचा निरोप आहे. सत्काराच्या दिवशी काका आणि रघू आपल्या होडीची सुरमई पाठवणार आहेत. ती घेऊन मी येईन, आणि ती मात्र बर्फातच घालून आणीन.