शुक्रवारच्या जेवणाचा थर

“काम रोकने को तुमको किसने बोला?” आमचे बॉस नायरसाहेब मोबाइलवर ओरडत होते. मी दुबईच्या पुढे उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी, एका टेकडीच्या आडोशाला, दोन मीटर खोल खड्ड्यात उभा होतो. खरं उत्तर असं होतं की कोणीच बोललं नव्हतं. मी स्वतःच्या हुशारीवर काम थांबवलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सॉइल टेस्टिंग कंपनीत इंजिनियर होतो. बांधकामाआधी खालची जमीन कशी आहे ते आम्ही सांगायचो. त्यासाठी जेसीबीने खड्डा खणायचा, आत उतरायचं आणि मातीचे थर लिहून काढायचे. इथे रिसॉर्ट होणार होतं. हातभर वाळूखाली मला शिंपल्यांचा जाड थर दिसला. सोबत राख आणि काळवंडलेले दगड. हजारो वर्षांपूर्वीची माणसं या किनाऱ्यावर असेच ढीग टाकून गेली, हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. अंगावर काटा आला. साहेबांना न विचारता मी थेट म्युझियमला फोन लावला.

“गुरुवार तक रिपोर्ट नहीं गया तो क्लायंट गया. क्लायंट गया तो तुम भी गया,” म्हणून नायरसाहेबांनी फोन ठेवला. माझ्या मुलीला नुकतीच दुबईत ऊद मेथाच्या शाळेत ॲडमिशन मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी म्युझियमकडून पुरातत्त्वाच्या डॉक्टर मार्गारेट आल्या. बाई गुडघ्यांवर बसून ब्रशने थर साफ करू लागल्या. नायरसाहेब वर टाय लावून उभे. मी आत कॉलर ताठ करून. वीस मिनिटांनी बाईंनी चिमटीत काहीतरी धरून वर केलं. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण होतं.

“इंटरेस्टिंग,” बाई म्हणाल्या.

काठावर आमचे फोरमन दाऊदचाचा खाकरले. चाचा रत्नागिरीकडचे.

“साहेब, ते आमचं आहे.”

“काय तुमचं?”

“सगळंच. आम्ही गाववाले दर शुक्रवारी इथे येतो. खाडीतून तिसऱ्या काढतो, शिजवतो, आतलं मांस खातो. शिंपल्या पुरून टाकतो.”

“पुरता कशाला?”

“गावी माडाच्या बुंध्याशी पुरतात. इथे माड नाही, पण हाताची सवय जाते काय?”

“मग काल का नाही बोललात?”

“तुम्ही फोनवर इंग्लिशमध्ये एवढे खुशीत होता.”

“खलास,” नायरसाहेब म्हणाले. ते चाचांना उद्देशून नव्हतं.

बाई सामान आवरू लागल्या. मला खड्ड्यातून वर यावंसं वाटेना. चाचा मात्र आत उतरले. मागे कधीतरी त्यांची पळी इथे हरवली होती. पळी मिळाली नाही, पण पार तळाशी ते थांबले. तिथे शिंपल्यांची एक बारीक करडी रेघ होती. मी वहीत तिची एका शब्दात बोळवण केली होती. चाचांनी त्यातून बोटाएवढा जाड, टोकदार शंख उपटला.

“ही गोगलगाय आमची नाही हां. पंधरा वर्षांत या खाडीत दिसली नाही. दिसली असती तर सोडली असती काय?”

बाईंनी झोळी खाली ठेवली. शंख बराच वेळ उलटासुलटा पाहिला. ही खारफुटीतली गोगलगाय, म्हणाल्या, या खाडीतून केव्हाच नाहीशी झालेली. मग त्यांनी समजावलं, मी चाचांना मराठीत सांगत गेलो. हिमयुगात हे आखात कोरडं होतं, त्यात माणसं राहायची. दूर उत्तरेकडचा बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि माणसं मागे मागे सरकत राहिली. पाणी थांबलं तेव्हा अशाच खाड्यांच्या काठी बसून त्यांनी मिळेल ते खायला सुरुवात केली; ही रेघ त्यांच्याच जेवणाची.

“याच टेकडीच्या आडोशाला?” चाचांनी विचारलं.

“हो. वारा लागत नाही म्हणून.”

“जागा चांगलीच आहे. आम्हीपण खूप फिरून ठरवली.”

रिसॉर्टचा नकाशा शंभर पावलं सरकला. नव्या जागेचं टेस्टिंगही आम्हालाच मिळालं. म्युझियमला फोन आपणच करायला लावला, असं नायरसाहेब पुढे सगळ्यांना सांगू लागले. मी मान डोलवायचो, कारण नोकरी टिकली होती.

तेव्हापासून कुठल्याही खड्ड्यात उतरण्याआधी मी वर उभ्या असलेल्या माणसांना एकच विचारतो: इथे शुक्रवारी जेवायला कोण येतं?