घोडीचा हरभरा

माझी भाची घोड्या शिकवते. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणतो. आधी कोणी विचारलं, बहिणीची मुलगी काय करते, तर मी "प्रायव्हेटमध्ये आहे" म्हणून विषय बदलायचो. आमच्या घरात सगळे नोकरदार. वडील विदर्भातून रेल्वेत बदलीवर रायपूरला आले ते इथलेच झाले, मेहुणे रेल्वेत, मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडी पट्ट्या काढणाऱ्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात. त्यात ही पोट्टी हातात खरारा घेऊन घोडीच्या पायाशी बसलेली. मला लाज वाटायची. पुढे जे झालं त्याची सुरुवात या लाजेत आहे, म्हणून आधी तीच सांगितली.

बहिणीचं घर पुरानी बस्तीत. तिच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे घोडीवाले राहतात, वरातीला घोडी भाड्याने देणारे. भाची शाळेतून आली की दप्तरासकट तिथे. पुढे कॉलेज झालं तरी ती तिथेच. वरातीची घोडी बँडच्या गोंगाटात शांत उभी राहावी म्हणून पुष्कळ जण काटेरी लगाम घालतात. हलली की तोंड सोलतं, म्हणून ती हलत नाही. भाचीला ते मान्य नव्हतं.

"दुखते म्हणून उभी राहिली तर ती शिकली काय मामा?" ती म्हणायची. "भीती गेली पाहिजे तिची."

भीती घालवायला तिने आवाज शोधले. आधी घरातली थाळी, मग ढोल, मग फटाके. आणि एक दिवस ती पहाटे पुरानी बस्तीतून पायी निघून, घोडीला घेऊन आमच्या मिलच्या रस्त्यावर हजर झाली. "तुमच्या इथं लोखंड पडते तेवढा आवाज कोणत्या डीजेचा आहे सांगा!" पहिल्या दिवशी ती लांब चहाच्या टपरीपाशी थांबली. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे. शिफ्ट सुटायची, ट्रक हॉर्न मारत निघायचे, आत पट्ट्या आदळायच्या आणि ही घोडीच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी बोलत उभी. गेटवरचा चौकीदार मला म्हणायचा, "बड़े बाबू, भांजी बारात ले के आई है, दूल्हा कहाँ छुपाया?" मी हसल्यासारखं करून आत जायचो. दोन महिन्यांत ती घोडी गेटला टेकून उभी राहू लागली, धुळीने काळपट झालेली, डोळे अर्धे मिटून.

हे पाहून दुसरे घोडीवाले आपल्या घोड्या तिच्याकडे शिकायला पाठवू लागले. शंकर नगरातली काही मुलं सवारी शिकायला येतो म्हणाली. काम होतं, जागा नव्हती. गल्लीत एक घोडी वळवायची तर समोरच्यांची स्कूटर आत घ्यावी लागायची. त्यात म्हाताऱ्यांचे गुडघे गेले. त्यांनी घोडी विकायचं ठरवलं. भाची रडली तेव्हा म्हणाले, "हव नोनी, एक बछर अउ देखहूँ." बरं पोरी, एक वर्ष आणखी बघतो. पुढच्या लग्नसराईच्या आत जागा आणि चाऱ्याची सोय झाली तर घोडी तिची, नाही तर गिऱ्हाईक तयार होतं.

ती पैसा शोधायला निघाली. बँकेतल्या अर्जात गाय होती, म्हैस होती, शेळी आणि कोंबडीही होती. घोडा नव्हता. तिने 'इतर'वर खूण केली, तर साहेबांनी विचारलं, हा दूध किती देतो? शंकर नगरातला एक दागिनेवाला म्हणाला, दुकानासमोर घोडी उभी करा, नवरीचे फोटो काढू, मग बघू. फोटो निघाले, पुढचं त्याने काही बघितलं नाही. प्रत्येक ठिकाणाहून आली की ती नक्कल करून दाखवायची आणि आम्ही हसायचो. मग एके संध्याकाळी ती माझ्या घरी आली. प्लास्टिकच्या फाइलमध्ये चार पानं होती. जागेचा नकाशा तिने स्वतः पेन्सिलने काढला होता, तबेला कुठे, पाण्याचं टाकं कुठे. एक वर्ष आधार द्या, कुंपणावर आणि खोगिराखालच्या कापडावर तुमच्या मिलचं नाव लावीन, असं शेवटी लिहिलं होतं.

"मामा, शेठजीले एवढं देऊन पाहा ना. नाही म्हणले तर नाही."

इथे आमच्या मिलची एक रीत सांगायला हवी. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मशीनं बंद असतात, त्यांना हार घालतात. आरती झाली की मिलचे मालक, आमचे शेठजी, खुर्ची टाकून बसतात आणि जुनी माणसं एकेक करून जवळ जातात. आपलं मागणं सांगतात. वर्षाला माणशी एक. कोणी मुलीच्या लग्नासाठी उचल मागतो, कोणी शिफ्ट बदलून. शेठजी बहुधा नाही म्हणत नाहीत. म्हणूनच ते एक मागणं आम्ही वर्षभर जपून ठेवतो.

पूजेला आठ दिवस होते. माझ्या मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि त्याला मिलच्या ऑफिसात चिकटवावं, हे मी मनात कधीचं धरलं होतं. दोन्ही मागता आली नसती. पूजेच्या दिवशी मी मुलासाठी मागितलं. शेठजी म्हणाले, "पढ़ाई पूरी हो जाए तो भेज देना." भाचीची फाइल मी टेबलाच्या खणात, गेटपासच्या जुन्या पुस्तकांखाली सरकवली. आज दिली नाही, उद्या देऊ, असं तेव्हा मी स्वतःला म्हटलंही नाही. खण लावला आणि प्रसाद घ्यायला गेलो.

चार दिवसांनी तिने विचारलं. मी म्हणालो, "वाचलं त्यांनी. सध्या जमणार नाही म्हणाले."

ती म्हणाली, "काही नाही. तुम्ही विचारलं तरी माह्यासाठी. कोण विचारते एवढ्या मोठ्या माणसाले?" दुसऱ्या दिवशी बहिणीने स्टीलच्या डब्यात खुरमी पाठवली. गूळ घालून केलेली, मला आवडते तशी. मी ती खाल्ली. बायकोने विचारलं, काहून पाठवली, तर म्हणालो, सहज.

त्यानंतर मी दर महिन्याला घोडीसाठी हरभऱ्याचं पोतं पाठवायला लागलो. दुकानदाराला सांगून ठेवलं होतं. बहीण फोनवर म्हणायची, "दादा, तुझ्यासारखा मामा कोणाले भेटत नाही." मी फोन लवकर ठेवायचो.

मुलाची परीक्षा झाली. मी त्याला शेठजींकडे चल म्हणालो. तो म्हणाला, "पापा, मुझे मिल में नहीं बैठना. आपने पूछा कब था?" मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं तसंच चालतं. तो पुण्याला गेला, तिथे त्याचं बरं चाललं आहे. माझं जपून ठेवलेलं मागणं असं वाया गेलं. फाइल तिथेच होती. मी रोज तो खण उघडत होतो, गेटपास काढत होतो आणि लावत होतो. मध्ये दोनदा फाइल हातात घेतली. पण आता दिली तर वर्षभर कुठे होती, हा प्रश्न येणार होता.

पुन्हा पूजा आली. म्हाताऱ्यांचं गिऱ्हाईक पूजेनंतर दोन दिवसांनी घोडी न्यायला येणार, हे बहिणीने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. सकाळी मी मिलवर पोचलो तर भाची गेटवर, घोडी घेऊन. तिला सुट्टीचं लक्षात नव्हतं की शेवटचं म्हणून आली होती, मी विचारलं नाही. मशीनं बंद, ट्रक उभे. त्या शांततेत घोडी कान टवकारून इकडेतिकडे बघत होती.

"पाहा ना मामा, आवाज नाही तर घाबरून राहिली," ती हसत म्हणाली. डोळे सुजलेले होते.

तेवढ्यात शेठजींची गाडी आली. सोबत त्यांची नात. तिने घोडी पाहिली आणि गाडीतून उतरायचंच म्हणून हट्ट धरला. शेठजी उतरले. मिलमधल्या पोरांनी पूजेच्या हौसेने फटाक्यांची लड लावली, अगदी गेटापाशी. नात किंचाळली. घोडीने फक्त शेपटी हलवली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

शेठजी बघत राहिले. "किसने सिखाया इसको?"

चौकीदार पुढे झाला. "यही बिटिया ने, साहब. बड़े बाबू की भांजी है. अपने ही गेट पे सिखाया."

भाचीने दोन-चार वाक्यांत काम सांगितलं. घोडी परवा जाणार, हेही सांगितलं. शेठजी माझ्याकडे वळले नाहीत, तिलाच म्हणाले, "इतने पास होकर कभी मामा से कहलवाया क्यों नहीं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मामा तो बोल रहे थे सर. मेरा ही काग़ज़ अधूरा था, मैंने रोक के रखा."

आयुष्यात माझ्यावर पुष्कळांनी उपकार केले आहेत. त्या पोरीने त्या क्षणी केला तेवढा मोठा कोणाचाच नाही. आणि तो तसाच घेऊन मी घरी जाऊ शकलो असतो. खरं सांगतो, क्षणभर तसं ठरवलंही होतं. पण ती लगेच पाठ फिरवून घोडीची आयाळ बोटांनी सारखी करू लागली. मला ते बघवलं नाही.

"पूरा था, साहब," मी म्हणालो. "मेरी दराज़ में है. साल भर से."

मी आत गेलो, फाइल आणली. प्लास्टिकवर कार्बनचे निळे डाग पडले होते. शेठजींनी गेटवर उभ्यानेच चारही पानं वाचली. नकाशा उलटासुलटा करून बघितला. मग मला विचारलं, "दराज़ में क्यों रखा?"

मी सांगितलं. मुलाचं, एका मागण्याचं, सगळं. आसपास चार लोक होते, त्यांनीही ऐकलं.

"एक ही माँगना है, ये किसने बोला तुमको?"

मला माझ्या आधीच्या बाबूंनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. शेठजी म्हणाले, "मैंने तो कभी गिना नहीं." आणि मग मान हलवून, "दोनों माँग लेते, यार." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मिलच्या मागच्या भिंतीला लागून एक पडीक तुकडा होता. तो त्यांनी तिला वापरायला दिला, कुंपण घालून दिलं, वर्षाचा चारा दिला. अट एकच, रविवारी कामगारांच्या मुलांना फुकट शिकवायचं. म्हाताऱ्यांनी गिऱ्हाइकाला परत पाठवलं. हल्ली ते स्वतःच रविवारी रिक्षाने येतात, खाटेवर बसून मुलांवर ओरडतात.

त्या दिवशी सगळे प्रसादाला गेल्यावर मी भाचीला म्हणालो, "मले माफ कर." तिने घोडीचा दोर दुसऱ्या हातात घेतला.

"मामा, मले कधीचंच समजलं होतं."

"कसं?"

"तुम्ही हरभरा पाठवून राहिले होते ना. महिन्याच्या महिन्याले. तुम्ही तर दिवाळीलेसुद्धा कोणाले काही पाठवत नाही."

"मग विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही बंद केला असता," ती म्हणाली. "घोडीले तर पाहिजे होता."

ती हसली, मग मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि नाल तपासायला वाकली.

आता त्या कुंपणावर मिलच्या नावाचा मोठा बोर्ड आहे. त्याच्याखाली भाचीने ब्रशने एक ओळ लिहिली आहे: हरभरा – मामा. ती पुसून टाक, असं मी तिला दोन-तीनदा सांगितलं. त्या हरभऱ्यामागे काय होतं, ते तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.

"काहून पुसू?" ती म्हणते. "स्पॉन्सर नाही का तुम्ही?"

पोतं मी अजून पाठवतो. आता दुकानदाराकरवी नाही. रविवारी स्वतः स्कूटरवर घेऊन जातो. गेटपाशी हॉर्न दिला की घोडी मान वर करते.