आमच्या बुवांचे दोन पंप

“दमा आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, “मग डबलबारीचा काय?”

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना. आम्ही नायगावच्या चाळीतले, मूळचे मालवणचे. यांना सगळे बुवाच म्हणतात. खोकल्यावर महिनोन्महिने काढे पिऊन झाल्यावर स्वारी एकदाची परळच्या हॉस्पिटलात आली. तिथे स्पायरोमेट्री झाली, म्हणजे नळीत जोराने फुंकायची तपासणी.

दोन पंप मिळाले. निळा साल्ब्युटामॉलचा. तो आवळलेल्या श्वासनलिका लगेच सैल करतो, पण हात थरथरतात, छाती धडधडते. दुसरा बुडेसोनाइडचा, म्हणजे स्टिरॉइड. तो आतली सूज हळूहळू उतरवतो, म्हणून बरं वाटलं तरी रोज घ्यायचा. हा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, हेही बाईंनी सांगितलं होतं.

पण ऐकतील तर बुवा कसले! गायकाच्या सवयीने आधी मिठाच्या गुळण्या, मग पंप, आणि त्यावर पाण्याचा थेंब नाही. “होमिओपॅथीच्या गोळ्यांवर कोण पाणी पिता काय?”

जिभेवर पांढरे चट्टे आले, आवाज बसला. डबलबारी तोंडावर आलेली. बुवांनी गुपचूप रोजचा पंप सोडला आणि निळ्यावर भागवलं. आवाज सुटला खरा, पण तालमीत पेटीवरची बोटं थरथरू लागली आणि श्वासच मिळेना. पखवाजवाल्याने आणि मी त्यांना टॅक्सीत घातलं. मी त्यांचा हात घट्ट धरून रडत होते आणि रागावतही होते.

नेब्युलायझरने औषधाचं धुकं छातीत गेलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

बाई म्हणाल्या, “स्टिरॉइड घशात साचलं की आवाज बसतो, तोंडात बुरशी धरते. पंप आधी, गुळणी नंतर. स्पेसर लावा, या नळीमुळे औषध घशाला कमी चिकटतं. आणि मनाने बंद करायचं नाही.”

“गाऊक मिळात मा?” बुवांनी हळूच विचारलं.

“श्वास राहिला तर गाल ना!”

ती बारी हुकली. समोरचे बुवा भेटायला आले. “तुमच्याशिवाय मी टोमणे मारू कोणाक? बारी पुढे ढकललंय.” त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी असा हट्टी पेशंट असेल, तर पंप घेताना शेजारी उभे राहा. मी राहते.

पुढे ढकललेली बारी लालबागला झाली. बुवांनी पट्टी थोडी उतरवली, पण तान चांगली लांबवली. तान संपली, त्यांनी सहज पुढचा श्वास घेतला, आणि मला रडू आवरेना.