विंगेतून दिलेलं वाक्य

काल कपाटातून शाल काढली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. चारकोपच्या हॉलमधल्या मखमली पडद्याला असाच वास यायचा. दहा वर्षांची मी तिथे नाट्यवर्गाला जायचे. बोलताना फार अडखळायचे, म्हणून बाईंनी मला भूमिका न देता प्रॉम्प्टर केलं. असला राग आला होता! वाटलं, लपवलं मला.

प्रयोगात राणी झालेली प्राची मधेच गप्प झाली. हॉलमध्ये नुसत्या पंख्यांची घरघर. मी विंगेतून कुजबुजत तिला वाक्य दिलं. मग पुढचं. मग तिचं अख्खं लांबलचक भाषण, एकदाही न अडखळता. टाळ्या प्राचीला पडल्या.

बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. वाकून म्हणाल्या, "कळलं ना? कुजबुजताना तू अडखळत नाहीस. मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

मी फुरंगटून म्हटलं, "का-काय उपयोग? ऐकलं कोणी?"

"मी ऐकलं ना गं."

एका माणसाने ऐकून काय होतं, असं तेव्हा वाटलं होतं.

आता बाई नाहीत. घरात मी एकटीच असते. अजूनही कुणाला फोन करायचा तर वाक्य आधी कुजबुजून बघते, मगच नंबर लावते. काल शाल खांद्यावर घेऊन राणीचं ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत कुजबुजले. एकदाही अडखळले नाही.

आणि मागे वळून पाहिलं.