काठावरचा मालक

ते प्रकरण आठवलं की आजही बुटांत पाणी शिरल्यासारखं वाटतं. इंग्रजी अंमलात मी बऱ्हाणपूरच्या ठाण्यात नवा फौजदार होतो. वर्दी कडक, आणि स्वतःच्या हुशारीवरचा विश्वास त्याहून कडक.

कार्तिकातल्या जत्रेच्या दिवशी एका कापूस-व्यापाऱ्याची सहलीची नाव तापीत बुडाली. भाडं घेऊन तो लोकांना नदीत फिरवून आणत असे. बाकीचे कसेबसे काठाला लागले. निंबोल्याहून जत्रेला आलेला एक शेतकरी मेला.

पंचनामा चालू असतानाच घाटावरच्या धोब्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, नावाड्याला धरा. परवाच त्यानं दगड भरून ही नाव बुडवली होती. मी डोळ्यानं पाहिलं."

नावेचा मालक, तो व्यापारी शेठ, त्यानेही भर घातली. नावाड्याचं त्याच्याशी वाजलं होतं आणि जत्रेच्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता. नाव वखारीच्या चौकीदाराने वल्हवली होती. मला आणखी काय हवं होतं? नावाड्याला ठाण्यात आणलं.

"नाव तू बुडवलीस?"

"हो साहेब, मीच बुडवली. पण ते काय आहे..."

"बस."

कबुली मिळाली की आरोपीला पुढे बोलू द्यायचं नाही, असा तेव्हा माझा सिद्धांत होता. खुनाचं कलम लावलं. प्रकरण फाशीपर्यंत जाऊ शकत होतं. त्याची बायको रोज ठाण्याच्या दारात येऊन बसे, आणि मी बढतीची स्वप्नं पाहत असे.

जप्त केलेली नाव आवारात उन्हात पडून होती. मोठे साहेब खंडव्याहून तपासणीला आले, तेव्हा गुन्हा कसा घडला ते दाखवण्यासाठी मी ती नदीत घातली आणि एका हवालदाराला घेऊन स्वतः चढलो. बेडी घातलेला नावाडी, शेठ आणि चौकीदार काठावर उभे होते.

"साहेब, उतरा. सुकलीय ती."

"गप्प बैस."

थोडं पुढे गेलो तोच फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आलं. हवालदाराला पोहता येत होतं, म्हणून हे लिहायला मी आहे. मोठे साहेब तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे पाहत होते.

"आता ही कोणी बुडवली साहेब," नावाड्याने विचारलं, "तुम्ही का मी?"

मग मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं. उन्हाळ्यापासून वखारीत पडलेल्या नावेच्या फळ्या आकसतात. म्हणून नावाडी तिच्यात दगड भरून तिला काही दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. फळ्या फुगतात, सांधे मिटतात. शेठने जत्रेसाठी ती दुसऱ्याच दिवशी बाहेर काढायला लावली होती.

"मी म्हटलं, अशी नेणार नाही. शेठ बोलला, मग घरी बस."

नाव काठाला ओढून सांध्यात चाकू घातला. वर डांबर, आत फट लपवण्यापुरता कोंबलेला कापूस. चौकीदार लगेच बोलता झाला, "शेठनंच भरायला लावला, साहेब."

शेठ मात्र शांत होता. "फौजदारसाहेब, मी तर काठावर होतो. वल्हं माझ्या हाती नव्हतं."

"नाव तुमची होती," मी म्हणालो, "आणि ती गळणार हे तुम्हालाच सांगितलं होतं."

नावाडी सुटला. त्याच्या बायकोने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. शेठला निष्काळजीपणाबद्दल कैद झाली.

कबुलीनंतरचं वाक्य आधी ऐकावं, एवढं मी शिकलो. दुसरं असं, की काठावर उभ्या माणसाला नाव नेहमीच मजबूत दिसते. म्हणून पुढच्या जत्रेला मी घाटावर हुकूम काढला: पहिल्या फेरीला मालकाने आपल्या बायकामुलांसह बसायचं, मग लोकांना बसवायचं. त्याला कायद्याचा आधार होता की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी घाटावरून दुपारपर्यंत एकही नाव सुटली नाही. सगळ्या मालकांना एकाएकी दुरुस्त्या आठवल्या होत्या.